‘एंडिंग एक्सप्लेन्ड’वाल्यांना एका वसुलीवाल्या मामाचं खुलं पत्र

गेमचा शेवट समजावून सांगणारे व्हिडिओ बनवणाऱ्या तमाम मराठी मित्रमैत्रिणींना,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, मागच्या शनिवारी रात्री पावणेदोनला माझ्या भाच्याने मला हलवून उठवलं आणि विचारलं, "मामा, तो मेला का नाही मेला?"

छातीत धस्स झालं. मग त्याच्या मागे लॅपटॉपचा उजेड दिसला आणि कळलं, विषय गेममधल्या बुकर डेविटचा आहे. पोराने चार रात्री जागून ‘बायोशॉक इन्फिनिट’ हा गेम संपवला होता. संपवल्यावर तुमच्यापैकी कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. हातात वही. वहीत बाण, गोल, ‘बुकर १’, ‘बुकर २’, ‘कॉमस्टॉक (अ)’, आणि खाली दोन रेघा मारून ‘मल्टिव्हर्स’, म्हणजे एकाशेजारी एक अनेक विश्वं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आकृत्या झकास काढतो. आकृती पूर्ण झाली होती आणि त्याला काहीएक कळलं नव्हतं.

हे पत्र त्या वहीमुळे लिहितोय.

आधी माझी ओळख, म्हणजे कोण हा शहाणा असं वाटायला नको. मी एका ग्रामीण पतसंस्थेत वसुलीला आहे. थकबाकीदाराच्या ओट्यावर बसायचं, चहा प्यायचा, "पोरगा पुण्यातनं पैसे पाठवणारे" हे ऐकायचं, जामीनदाराला गाठायचं, आणि काहीच जमलं नाही तर सहकार कायद्याच्या कलम १०१खालच्या वसुली दाखल्याचे कागद तयार करायचे. २०१३ साली हा गेम आला तेव्हा मित्राच्या पीसीवर खेळलो. पहिल्याच काही मिनिटांत कान टवकारले, कारण गेमचं पहिलं सूत्रच आमच्या खात्यातलं होतं: मुलगी आणून दे, कर्ज मिटव. तुम्ही सगळे हे वाक्य वाचून दाखवता आणि लगेच ब्रह्मांडांकडे वळता. माझं म्हणणं असं की गाडी त्याच वाक्यापाशी थांबवायला हवी होती.

(ज्यांनी गेम खेळलेला नाही आणि खेळायचा आहे, त्यांनी इथूनच परत फिरावं. पुढे सगळं फोडलं आहे.)

गोष्ट थोडक्यात, कारण तुम्हाला ती पाठ आहे. साल १९१२. बुकर डेविट, वय ३८, एकेकाळचा सैनिक, नंतर पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीचा माणूस, आता जुगारी आणि दारुडा. त्याला एका दीपगृहातून ढगांवर तरंगणाऱ्या कोलंबिया नावाच्या शहरात पाठवलं जातं. तिथे मनोऱ्यात कोंडलेली एलिझाबेथ आहे, एका करंगळीचं टोक गेलेलं, त्यावर शिवणकामाचं टोपण घातलेलं. तिला जगाच्या कापडाला चिरा पाडता येतात आणि त्या चिरांतून पलीकडची जगं दिसतात. शहराचा मालक झॅकरी कॉमस्टॉक, पांढऱ्या दाढीचा प्रेषित. शेवटी उलगडतं की कॉमस्टॉक म्हणजेच बुकर आणि एलिझाबेथ म्हणजे बुकरची मुलगी ॲना. मग नदी, मग बुडवणं, मग अंधार.

आता तुमचे व्हिडिओ. सुरुवात ‘क्वांटम’पासून. मग एक झाड, त्याच्या फांद्या, प्रत्येक फांदीवर एक बुकर. चुकीचं नाही. पण हे म्हणजे कर्जदाराच्या घरी न जाताच संगणकावर खातेउतारा काढून "माणूस कळला" म्हणण्यासारखं आहे. उताऱ्यावर तारीख असते, रक्कम असते. का घेतलं आणि का फेडलं नाही, ते ओट्यावर कळतं.

ओट्यावर काय कळतं ते सांगतो.

आमच्याकडे ‘नवं-जुनं’ म्हणून एक प्रकार असतो. शेतीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. मार्च जवळ आला की जुनं थकीत कर्ज व्याजासकट ‘भरून’ घेतात आणि त्याच दिवशी त्याच माणसाला तेवढंच किंवा थोडं जास्त नवं कर्ज ‘देतात’. माणूस टेबलापाशी उभा राहून एका चिठ्ठीवर भरल्याची सही करतो, दुसरीवर घेतल्याची. कॅशियर गल्ल्याला हातही लावत नाही. एक नोट इकडची तिकडे होत नाही. संध्याकाळी उतारा काढा, माणूस नियमित! कालपर्यंत ज्याला नोटिसा जात होत्या तो आज सभासदांच्या यादीत ताठ मानेने. देणं होतं तिथेच असतं, उलट वाढलेलं असतं. फक्त कागद नवा.

झॅकरी कॉमस्टॉक हे बुकर डेविटचं नवं-जुनं आहे.

खरी थकबाकी आहे वुंडेड नीची. हे ठिकाण गेमवाल्यांनी रचलेलं नाही. २९ डिसेंबर १८९० रोजी साउथ डकोटात अमेरिकेच्या सातव्या घोडदळाने लाकोटा लोकांची वस्ती घेरून कत्तल केली. दीडशेहून जास्त माणसं मेली, त्यांत बायका आणि लेकरं होती, आणि मारणाऱ्यांपैकी काहींना पुढे शौर्यपदकं मिळाली. गेममधला बुकर तेव्हा सोळा वर्षांचा पोरगा आहे, आणि तो त्या दिवशी तिथे होता. नंतर तो एका नदीकाठी येतो. एक धर्मोपदेशक पाण्यात उभा आहे, बाप्तिस्मा देतो आहे: पाप धुवून टाक, नव्याने जन्म घे. इथे फाटा फुटतो. एक बुकर म्हणतो, पाण्यात डुबकी मारून केलेलं पुसलं जातं होय, आणि निघून जातो. दुसरा डुबकी मारतो, वर येतो आणि नवं नाव घेतो: कॉमस्टॉक.

माझ्या भाच्याच्या वहीत इथे लिहिलं होतं, ‘चांगला बुकर / वाईट बुकर’. तुमच्याच कुणाच्या तरी व्हिडिओतून उतरवलेलं. मित्रांनो, इथे फार मोठी गफलत होते आहे. दोघांनीही देणं फेडलेलं नाही. पहिला थकबाकीदार आहे. त्याला ठाऊक आहे आपण काय केलं, ते ओझं घेऊन तो बाटलीत आणि पत्त्यांत बुडतो. दुसऱ्याने नवं-जुनं केलं आहे. त्याच्या लेखी त्या दिवशीचं काही शिल्लकच नाही, उलट ती कत्तल त्याच्या मोठेपणाची सुरुवात आहे. कोलंबियात त्याने ‘वीरांचं दालन’ उभारलं आहे आणि त्यात स्वतःला वुंडेड नीचा नायक म्हणून मांडलं आहे.

गेमने उत्तर आपल्या तोंडावर टांगून ठेवलंय ते इथेच. त्या दालनात स्लेट नावाचा म्हातारा सैनिक भेटतो. तो त्याच पलटणीतला. कॉमस्टॉकवर तो भडकला आहे, कारण त्याच्या मते कॉमस्टॉक वुंडेड नीला नव्हताच. बुकरला मात्र तो बघताक्षणी ओळखतो: हा होता माझ्यासोबत. आपण खेळताना समजतो, बरं, कॉमस्टॉक खोटारडा दिसतोय. पण कॉमस्टॉक खोटं बोलत नाही आणि स्लेटही खोटं बोलत नाही. दोघांची साक्ष एकाच वेळी खरी ठरते, अशी एकच शक्यता उरते. शेवटाच्या कितीतरी आधी ती आपल्यासमोर ठेवलेली असते आणि आपण गोळ्या गोळा करत पुढे जातो. मीही गेलो. दुसऱ्यांदा खेळताना त्या दालनात अक्षरशः कपाळावर हात मारला.

आणि ती ध्वनिमुद्रणं, व्हॉक्सोफोन. गेममध्ये ८० आहेत. भाच्याला ३१ मिळाले होते आणि त्यांतले निम्मे त्याने लढाई चालू असताना ऐकले, म्हणजे ऐकलेच नाहीत. त्यांतला एक कॉमस्टॉकचा आहे. तो सांगतो की सगळ्यांसमोर सार्जंटने त्याला टोमणा मारला, तुझ्या वंशवृक्षाखाली एखाददुसरी आदिवासी झोपडी आहे म्हणे. तो कलंक त्याच्या मागे जन्मभर लागला होता. मग त्याने आत बायका असताना तंबू पेटवून दिले, आणि तेव्हा कुठे पलटणीने त्याला आपलं मानलं.

हे ऐकल्यावर मला कॉमस्टॉकची भीती वाटली नाही, किळस आली, आणि वाईट म्हणजे तो कळला. जातीपातीच्या गावात वाढलेल्या कुणालाही तो कळेल. आपण ‘त्यांच्यातले’ नाही हे सिद्ध करायला त्यांच्यावरच सगळ्यात क्रूर घाव घालणारा माणूस आपण पाहिलेला असतो. पुढे याच माणसाने गोऱ्यांचं निर्मळ शहर ढगात बांधलं यात मला काही कोडं दिसत नाही. मग सांगा, हा व्हॉक्सोफोन तुमच्या एकाही व्हिडिओत, निदान भाच्याने दाखवलेल्या तिघांत, का नसावा? क्वांटमला बारा मिनिटं आणि याला शून्य?

आता मुलगी.

८ ऑक्टोबर १८९३. बाप्तिस्मा नाकारलेला बुकर न्यूयॉर्कमधल्या आपल्या कचेरीवजा खोलीत आहे. बायको बाळंतपणात गेली, पाळण्यात ॲना आहे, डोक्यावर जुगाराची उधारी. दारात एक सभ्य गृहस्थ येतो: मुलगी द्या, कर्ज मिटलं समजा. बुकर देतो. मग भानावर येऊन गल्लीत धावतो, तोवर मुलगी घेतलेला माणूस जगाच्या चिरेतून पलीकडे निघालेला असतो. ओढाताण होते, चीर मिटते, पोरीच्या करंगळीचं टोक अलीकडे राहतं.

मुलगी घेणारा कोण? कॉमस्टॉक. जगाला चिरा पाडणाऱ्या यंत्राच्या सततच्या संपर्काने तो अकाली म्हातारा झाला आहे (दोघं एकाच वयाचे, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही), वांझ झाला आहे, आणि त्याला गादीला वारस हवा आहे. स्वतःच्या रक्ताचा वारस कुठे मिळेल? जिथे आपण नवं-जुनं केलं नाही त्या जगात. एकाच माणसाची दोन खाती, आणि एका खात्याने दुसऱ्याकडून पोटची पोर विकत घेतली. एवढं एक वाक्य मी भाच्याला म्हणालो आणि त्याने वही मिटली.

तारण म्हणजे काय ते आम्ही रोज बघतो. सोनं ठेवतात, ट्रॅक्टरचं आरसी बुक ठेवतात. ते सोडवण्याची आशा असते म्हणून ठेवतात. बुकरने मात्र तारण ठेवलं नव्हतं, विक्री केली होती. हे त्यालाच सोसेना म्हणून त्याने हाताच्या पाठीवर ‘एडी’ अक्षरं डागून घेतली. ॲना डेविट. त्या डागावरून कोलंबियातले लोक त्याला ‘खोटा मेंढपाळ’ म्हणून ओळखतात आणि आपण समजतो ही कसली तरी भविष्यवाणी आहे. भविष्यवाणी कसली आलीय, बापाने स्वतःच्या कातड्यावर केलेली नोंद आहे ती.

आणि आता ते पहिलं वाक्य परत ऐका. गेमभर बुकरला आठवत राहतं, ‘मुलगी आणून दे आणि कर्ज मिटव’. प्रत्यक्षात दारातला माणूस त्याचीच मुलगी न्यायला आला होता. १८९३ची आठवण १९१२मध्ये कामगिरीचा हुकूम होऊन आली. का? गेम उघडताच पडद्यावर लुटेस या शास्त्रज्ञाच्या नावाने एक अवतरण येतं, त्याचा अर्थ असा की दुसऱ्या जगात ओढलेल्या माणसाचं मन नसलेल्या आठवणी तयार करायला धडपडतं. बुकरच्या मनाने आपल्या पापाचे तुकडे घेतले आणि त्यांचीच कामगिरी शिवली. मुलगी विकल्याची आठवण सहन होत नाही म्हणून मन म्हणालं, अरे, तू तिला सोडवायला निघाला आहेस. थकबाकीदारांच्या तोंडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की मला हसूही येत नाही. "साहेब, मी भरायलाच निघालो होतो." खोटं बोलत नसतात ते. त्यांना तसंच आठवत असतं. आता बुकरच्या नाकातून रक्त का येतं याचं उत्तर तुम्ही ‘युनिव्हर्स क्लॅश’ असं देता. देऊन टाका. पण रक्त मुख्यतः दोन आठवणी आमनेसामने आल्या की येतं, हेही सांगा.

लुटेस मंडळींबद्दल थोडं. तुमच्यातले एक जण त्यांना ‘ट्विन भाऊबहीण’ म्हणून मोकळे झाले. रोझलिंड आणि रॉबर्ट हे भाऊबहीण नाहीतच. एका जगात जी व्यक्ती मुलगी म्हणून जन्मली ती दुसऱ्यात मुलगा म्हणून. शहर तरंगवणारं शास्त्र तिचं, चिरा पाडणारं यंत्र दोघांचं. १९०९मध्ये कॉमस्टॉकने यंत्रात घातपात करवला आणि दोघं मरण्याऐवजी सगळ्या शक्यतांमध्ये विखुरले गेले. आता रॉबर्टला मुलगी नेल्याचं मन खातंय. तोच गेला होता ना त्या दारात! म्हणून ते बुकरला पुन्हापुन्हा आणतात. छापा-काटा करणारा तो प्रसंग आठवा: फळ्यावर छाप्याखाली रेघांची रांग, काट्याखाली शून्य. म्हणजे हा पहिला बुकर नव्हे, कितीतरी येऊन गेले.

इथे मला एक मराठी गंमत सांगायची आहे, कारण ती तुमच्यापैकी कुणी सांगितलेली नाही आणि ती फक्त आपल्याच भाषेत अशी उघडते. अगदी सुरुवातीला होडीत दोघं बुकरला नेत असतात. एक जण वल्हवून दमलाय, मदत कोण करणार यावर वाद. त्यालाच विचार की, असं एक म्हणतं. विचारून उपयोग नाही, कारण "ही डझन्ट रो". "ही डझन्ट रो?" "नो, ही डझन्ट रो." "अच्छा, आलं लक्षात." इंग्रजीत सगळा खेळ आवाजाच्या जोरावर आहे आणि पहिल्यांदा खेळताना तो कुणालाच कळत नाही. मराठीत करून बघा. "तो वल्हवत नाहीये" आणि "तो वल्हवत नाही". पहिलं आत्ताचं. दुसरं कधीचंच: काल नाही, आज नाही, कुठल्याच फेरीत नाही. एका ‘ये’मध्ये अख्ख्या गेमचं रहस्य बसतं! मी हे बोलून दाखवल्यावर भाचा पाच मिनिटं "नाहीये–नाही, नाहीये–नाही" करत फिरत होता. तुम्ही मराठीत व्हिडिओ करता ना? मग ‘कॉन्स्टंट्स अँड व्हेरिएबल्स’ (काय बदलतं आणि काय बदलत नाही) इंग्रजीतच चघळत बसण्यापेक्षा हातातलं हत्यार वापरा की.

कॉमस्टॉक आणि लुटेस यांतला फरकही एका वाक्याचा आहे. रोझलिंड म्हणते तसं, यंत्र म्हणजे शक्यतेत उघडणारी खिडकी. कॉमस्टॉकने त्या खिडकीतून डोकावून त्याला भविष्यवाणी म्हटलं. ‘असं होऊ शकतं’ याला ‘असं होणार आहे’ म्हणणारे ज्योतिषी आपल्याकडे काही कमी नाहीत.

आता पाणी. इथे मी तुमच्याशी भांडणार आहे.

एलिझाबेथ बुकरला परत त्या नदीवर नेते. कॉमस्टॉकला पाळण्यातच संपवायचं, म्हणजे निवड होण्याआधी. बुकरला कळतं की तोच कॉमस्टॉक आहे, दोन्ही आहे. कितीतरी एलिझाबेथ त्याला धरतात, पाण्याखाली दाबतात, तो फार झगडत नाही. मग एकेक एलिझाबेथ नाहीशी होऊ लागते, शेवटच्या एकीपाशी पडदा काळा होतो. श्रेयनामावली. आणि तिच्यानंतर एक छोटा प्रसंग: ८ ऑक्टोबर १८९३, बुकर आपल्या खोलीत जागा होतो, "ॲना? तूच आहेस का?" म्हणत दार ढकलतो, आणि पाळण्यात कोण आहे हे दिसायच्या आत काळोख.

तुमचे तिन्ही व्हिडिओ इथे छाती ठोकून सांगतात: कॉमस्टॉकच्या सगळ्या फांद्या छाटल्या, बुकर मोकळा, हॅपी एंडिंग. एकाने तर ‘ऑल डाउट्स क्लिअर’ अशी पाटी लावली आहे. कसले क्लिअर? निवडीच्या आधीच माणूस बुडाला असेल तर बाप्तिस्मा नाकारणाराही गेला, मग १८९३ला जागा झाला तो कोण? आणि फक्त बाप्तिस्मा घेणारा बुडाला असं म्हणायचं तर ‘आधी’ या शब्दाला अर्थ काय? वर, दारं अनंत आहेत असं गेमच आपल्याला दाखवतो, समुद्रभर दीपगृहं उभी करून. अनंत दारांत एक दार असं असणारच जिथे एलिझाबेथ नदीवर उशिरा पोचली. एका बुकरला बुडवून सगळे कसे बुडले याचं कारण गेम देत नाही. देतो असं दाखवतो, आणि आपण रडत असल्यामुळे विचारत नाही.

हिशेब लागत नाही. लागत नाही असं म्हणा ना! आमच्याकडे ऑडिटर येतो, एखादा मेळ बसला नाही तर अहवालात शेरा मारतो आणि पुढे जातो. शेरा मारला म्हणून संस्था बंद पडत नाही. तुम्ही मात्र मेळ बसवायला स्वतःच्या पदरचे नियम घालता, मग पाहणाऱ्या पोराला वाटतं आपल्यालाच अक्कल कमी. माझ्या भाच्याला तसंच वाटत होतं. रात्री पावणेदोनला माणसाला उठवण्याइतकं वाटत होतं.

मला काय वाटतं ते सांगतो, शेरा म्हणून धरा. पाण्यात गेलं ते नवं-जुनं. दुसऱ्या नावाची, धुतलेल्या पापाची सोय गेली. गिऱ्हाईकच उरलं नाही म्हणून दारात कुणी येणार नाही, ॲना घरात राहील. पण त्या खोलीत बुकरची उधारी तशीच आहे, बाटली तशीच आहे, १८९०चा डिसेंबर तसाच आहे. फक्त आता ते दुसऱ्या कुणाच्या खात्यावर ढकलता येणार नाही. याला हॅपी म्हणायचं तर म्हणा. मी वसुलीवाला असल्यामुळे माझा हात जरा आखडता आहे.

डेझी फिट्झरॉयचं मात्र कुणी नाव काढत नाही. कॉमस्टॉकच्या घरातली काळी मोलकरीण, त्याच्या बायकोच्या खुनाचा आळ तिच्यावर, पुढे ‘व्हॉक्स पॉप्युली’ची नेता. शहरातल्या राबणाऱ्यांचा उठाव ती करते. आणि मग गेमला काय सुचतं, तर तिला एका लहान मुलाच्या डोक्याला पिस्तूल लावायला लावायचं, म्हणजे एलिझाबेथच्या हातून तिला मारायला आपल्याला काही वाटू नये. बुकर तर म्हणून टाकतो की कॉमस्टॉक आणि फिट्झरॉय यांत फरक फक्त नावाच्या स्पेलिंगचा. वा रे वा. पाळणा विकणारा हे बोलणार! मला ही लिहिणाऱ्यांची आळशी युक्ती वाटली, आणि बहुधा त्यांनाही टोचली असावी, कारण ‘बरिअल ॲट सी’ या गेमच्या जोडकथेच्या २०१४ साली आलेल्या दुसऱ्या भागात त्यांनी ठिगळ लावलं: डेझीला ते करायला लुटेस मंडळींनीच भाग पाडलं होतं. म्हणजे ती क्रूर नव्हती, पण आता तिचा शेवटचा निर्णयही तिचा उरला नाही. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. पात्रं समजावून सांगायला बसता तेव्हा ही पण समजावून सांगा. ‘साइड कॅरेक्टर’ म्हणून सोडू नका.

त्या जोडभागांबद्दल जास्त बोलत नाही. त्यांत एक कॉमस्टॉक उरलेला निघतो, म्हणजे नदीवरचं सगळं छाटणं पुन्हा पाण्यात. ज्यांना मेळ बसवायची हौस आहे त्यांनी तिकडे जावं, कितीतरी रात्री पुरेल एवढं काम आहे.

तर विनंती एवढीच की पुढचा व्हिडिओ कराल तेव्हा झाड काढायच्या आधी करंगळीपासून सुरुवात करून बघा. टोक का नाही, ते कुठे राहिलं, कुणाच्या हातात कुणाचा हात होता. बाण नंतर काढता येतील. आणि जिथे तुम्हालाच कळलेलं नाही तिथे ‘मला कळलं नाही’ असं मराठीत म्हणा, व्ह्यूज कमी होणार नाहीत. झालेच तर भाच्याला सांगतो, तो तिन्ही अकाउंटवरून बघेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वसुलीवाला मामा

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या बेतात होतो (म्हणजे टाइप करून झालं होतं), तोवर बाहेरच्या खोलीतून हाक आली. भाच्याने गेम पहिल्यापासून लावला आहे. दीपगृहाच्या दाराशी पाण्याचं एक भांडं आहे आणि वर पाटी, ‘तुझी पापं मी धुवीन’ अशा अर्थाची. बुकर त्यात डोकावून म्हणतो, "गुड लक विथ दॅट, पॅल." पहिल्या वेळेस पोरगा इथे खो खो हसला होता, मला चांगलं आठवतंय, कारण मी शेजारच्या खोलीत झोपायचा प्रयत्न करत होतो. आज जाऊन बघितलं तर गेम थांबवून ठेवलेला, पडद्यावर ते भांडं, आणि हा नुसता बघत बसलेला. म्हणाला, "मामा, याला इथेच माहीत होतं."

मी म्हटलं, सरक जरा. खुर्ची ओढून बसलो.